बालाजीच्या नावापुढची जागा

नाना, पेन ड्राइव्ह खराब झाला नव्हता. तुम्ही तो घाईत उपटलाही नव्हता. जे गेलं ते माझ्या हातनं गेलं, एका ओळीच्या आज्ञेनं, शनिवारी दुपारी, तुमच्या घरी, काकू आत भाकरी थापत असताना.

हे एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. दीड वर्ष सांगायचं होतं. तुम्ही जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मला एका जागी बसवत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये जातो, मशीन चालू करतो, काळा पडदा उघडतो, बंद करतो. मुलं विचारतात, सर, काही शोधताय का. मी नाही म्हणतो आणि उठून व्हरांड्यात जातो. घरी जेवताना बायको म्हणाली, तुमचं लक्ष कुठं आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. म्हणून लिहून काढतोय, आणि हे छापायलाही देणार आहे. तुम्ही ज्या चुकीची माफी चारचौघांत मागत फिरलात, ती ज्याची होती त्याचं नावही चारचौघांना कळायला हवं.

तुमच्या वह्या मी पहिल्यांदा शाळेत असताना बघितल्या होत्या. मराठीच्या तासाला तुम्ही आमचे सर, आणि सकाळ-संध्याकाळ देवीच्या यजमानांचे गुरुजी. निबंधाच्या वह्या तपासून घ्यायला तुळजापूरच्या तुमच्या घरी आलो, तर ओसरीवर एक कुटुंब बसलेलं, आणि तुम्ही लाल कापडातली वही उघडून त्यांना त्यांच्या पणजोबाचं नाव वाचून दाखवत होतात. म्हातारा माणूस ते ऐकून रडायला लागला. मला कळेना, नाव ऐकून रडण्यासारखं काय आहे.

पुढं तीस वर्षांनी तुम्ही मला बोलावून घेतलंत. वह्यांना वाळवी लागली होती, पानं उलटताना कडा हातात येत होत्या. निवृत्त झाला होतात, वेळ होता. म्हणालात, सुधाकर, तू कॉम्प्युटरमधला, हे सगळं त्यात उतरवायचंय, पण मला ते रंगीबेरंगी चौकोन नकोत, डोळ्याला त्रास होतो. म्हणून मी जुन्या मशीनवर लिनक्स टाकून दिलं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काम करायला शिकवलं. तुम्ही बघितलंत आणि खूश झालात. "अरे, हा तर फळा आहे," म्हणालात. त्या दिवसापासून आपल्या दोघांत त्या पडद्याचं नाव फळाच राहिलं.

एका गावाची एक फाइल. एका घराची एक ओळ. ओळीत आधी मूळ पुरुष, मग मुलं, नातवंडं, सुना. दोन बोटांनी टाइप करत तुम्ही तीन वर्षं काढलीत. मी रविवारी यायचो आणि एकेक आज्ञा शिकवायचो. ग्रेप शिकवली, शब्द दिला की तो शब्द असलेल्या सगळ्या ओळी समोर आणून ठेवणारी, तिला तुम्ही 'हाळी' म्हणायला लागलात. गावात हाळी दिली की ज्याचं नाव तो ओ देतो, तसं. एका आज्ञेचं उत्तर दुसरीच्या तोंडात सोडणारी उभी रेघ, ती तुमची 'पन्हळ'. यजमान समोर बसले की तुम्ही हाळी द्यायचात, गावाचं नाव, आडनाव, आणि क्षणात ओळ हजर. "बघा, देवीनं लगेच ओळखलं तुम्हाला," असं त्यांना सांगायचात आणि माझ्याकडं बघून हसायचात.

तुम्हाला 'आई'चा तो दिवस आठवत असेल. अक्षरं मोजणारी आज्ञा शिकवत होतो. तुम्ही कौतुकानं 'आई' लिहून मोजायला दिलंत. उत्तर आलं सात. तुम्ही चष्मा काढून पुसलात.

"दोन अक्षरांची आई सात कशी होईल रे?"

मी सांगितलं, मशीनमध्ये आपलं एकेक अक्षर तीन घरं अडवतं, म्हणून सहा.

"आणि सातवं?"

"ओळ संपल्याची खूण. ती पडद्यावर दिसत नाही, नाना."

"दिसत नाही तरी मोजली?"

"मशीनला दिसणारं आणि न दिसणारं सारखंच."

तुम्ही चष्मा परत घातलात. मग म्हणालात, तुझं यंत्र माझ्या वडलांसारखं आहे. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी बोलणं. मी पुढची आज्ञा शिकवायला घेतली.

तुमचे वडील वहीत काय करायचे ते तुम्ही मला सांगितलं होतं, नाना. सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. परीक्षांचे दिवस होते, लॅबमध्ये गोंधळ चालला होता आणि तुम्ही फोनवर सावकाश सांगत होतात. घरातला कोणी निघून गेला, त्याचा पत्ता लागत नाही, तर वहीत त्याच्या नावापुढं बेपत्ता असं लिहायचं नाही आणि मयत तर नाहीच. त्याच्या नावापुढं जागा सोडायची. तो परत आला तर त्या जागेत त्याच्या बायकापोरांची नावं येतील. वाईट बातमी आली तर तिथं तिथी येईल. दोन्हीतलं काही होत नाही तोवर जागा मोकळी. आणि तुम्ही टाइप करताना तुमची स्वतःची एक रीत काढली होती. घरच्यांनी दरसाल येऊन अजून काही कळलं नाही असं सांगितलं, की त्या नावापुढं स्पेसची कळ एकदा दाबायची. जितकी वर्षं वाट बघितली, तितकी जागा. मी कानाला फोन लावून हो हो म्हणत होतो आणि दुसऱ्या हातानं एका मुलाला प्रिंटरमधला अडकलेला कागद दाखवत होतो. शेवटी तुम्ही विचारलंत, कळलं ना? मी म्हणालो, कळलं नाना.

मला काहीच कळलं नव्हतं.

त्या शनिवारी मी वह्यांची यादी आडनावाप्रमाणं लावायला बसलो होतो. ओळीतला तिसरा शब्द मागायचो तर काही घरांच्या बाबतीत रिकामंच उत्तर यायचं. ओळी उघडून बघितल्या तर शब्दांमध्ये कुठं पाच, कुठं नऊ, कुठं चौदा स्पेस. मला वाटलं, नानांचं बोट कळीवर रेंगाळतं. मोतीबिंदू आहे, दिसत नाही. खरं सांगतो, मला थोडा रागही आला, आणि थोडी दयाही. अशा वेळी वापरायची आज्ञा प्रत्येक लॅब असिस्टंटला पाठ असते. एकापुढं एक आलेल्या मोकळ्या जागा दाबून एकच ठेव. ती मी सगळ्या गावांवर फिरवली. फिरवली म्हणजे काय, पापणी लवायच्या आत झालं. मूळ फायलींवर नव्या फायली चढवल्या. मग तुमचा पेन ड्राइव्ह लावून त्यातल्या जुन्या फायलींवरही नव्या चढवल्या, सगळीकडं एकसारखं असावं म्हणून. जुनी प्रत ठेवली नाही. मुलांना पहिल्याच तासाला सांगतो, मूळ फाइलला हात लावायच्या आधी प्रत काढा. मी काढली नाही, कारण माझ्या लेखी तिथं गमावण्यासारखं काही नव्हतं. मोकळी जागा तर होती.

भाकरी खाताना तुम्हाला सांगितलं, नाना, सगळं स्वच्छ करून दिलंय. तुम्ही म्हणालात, देव तुझं भलं करो.

मग छापील प्रत निघाली, बांधून आणली. तुम्ही भिंग लावून एकेक नाव ताडून बघितलंत. नावं सगळी बरोबर होती. काना, मात्रा, वेलांटी, सगळं बरोबर. जागा तुमच्या डोळ्यांना दिसल्या नाहीत, आणि तुम्ही त्या शोधतही नव्हतात, कारण त्या तिथं आहेतच असा तुमचा विश्वास होता. आता जीर्ण झालेल्या वह्या घरात ठेवू नयेत, त्यांचं विसर्जन करायचं, ही तुमच्या घरची रीत. सहा वह्या हात लावायच्या पलीकडं गेल्या होत्या. त्यात येरमाळ्याची होती, ढोकीची होती. लाल कापडात बांधलेलं ते गाठोडं माझ्या गाडीवर, मांडीत घेऊन तुम्ही मागं बसलात आणि आपण नळदुर्गच्या अलीकडं बोरी नदीच्या पात्रात गेलो. पाणी घोट्यापर्यंत होतं. तुम्ही अजून आत, गुडघाभर पाण्यात गेलात. मी काठावर तुमच्या चपला धरून उभा होतो. कागद भिजून बसायला वेळ लागला. तुम्ही वळून म्हणालात, वडलांना आज दुसऱ्यांदा पोचवलं.

त्या चपला मला रोज आठवतात.

नवरात्रात गयाबाई आल्या. येरमाळ्याच्या. मी त्या दिवशी तुमच्याकडं होतो, नसतो तर बरं झालं असतं असं कितीदा वाटलं. दरसाल येणाऱ्या या बाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण आपल्या घरचं पान त्या बरोबर ओळखायच्या. वरून चौथी ओळ, त्यात एक लांब मोकळी जागा. त्यांचा मोठा मुलगा बालाजी ट्रकवर क्लीनर म्हणून गेला तो परत आला नव्हता. दर नवरात्रात त्या यायच्या, वही उघडायला लावायच्या आणि त्या जागेवर बोट ठेवून डोळे मिटायच्या. तुम्ही सांगायचात, येडाईचं देऊळ दाराशी असून ही बाई एवढ्या लांब का येते माहीत आहे का? हिचा देव त्या पानावर आहे.

तुम्ही नवी बांधलेली प्रत अभिमानानं त्यांच्यापुढं ठेवलीत. पान उघडून दिलंत. गयाबाईंचं बोट चौथ्या ओळीवर गेलं, पुढं सरकलं, मागं आलं. पुन्हा पुढं गेलं. पाचव्या ओळीवर गेलं.

"गुरुजी, माझी जागा कुठंय?"

तुम्ही भिंग घेतलंत. मग माझ्याकडं बघितलंत. फोनवर तुम्ही काय सांगत होतात ते मला त्या क्षणी सगळं ऐकू आलं, एकेक शब्द. तुम्ही विचारलंत, सुधाकर, जागा कशा गेल्या? आणि माझ्या तोंडून निघालं, पेन ड्राइव्ह खराब झाला असेल नाना, त्यात जातं असं कधी कधी.

एवढंच. मी त्या वाक्याची तयारी केली नव्हती. पण ते निघालं आणि मी ते परत घेतलं नाही.

तुमचा चेहरा उतरला. मी तुम्हाला कितीदा रागावलो होतो, पेन ड्राइव्ह असा ओढून काढायचा नसतो, आधी मशीनला सांगायचं असतं. तेच तुम्हाला आठवलं असणार. तुम्ही म्हणालात, मीच उपटला असेल. आणि गयाबाईंपुढं हात जोडलेत. ज्यांच्या पाया लोक पडतात, त्यांनी एका यजमानीणबाईपुढं हात जोडले आणि म्हटलं, बाई, माझ्या हातनं मोडली तुमची जागा.

गयाबाई रडल्या नाहीत. त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "मंग आता त्यो आला असं समजायचं, का ग्येला असं?"

मी खुर्चीवर होतो, नाना. तुमच्यापासून दोन हातांवर.

पुढचं दीड वर्ष तुम्ही काय केलंत ते सगळ्यांना माहीत आहे. एसटीचा ज्येष्ठांचा पास खिशात, पिशवीत वही, आणि गावोगाव. जिथं वह्या शाबूत होत्या तिथल्या जागा तुम्ही घरी बसून पुन्हा सोडल्यात. पण ज्या बोरीत गेल्या, त्या गावांतल्या जागा कुठंच उरल्या नव्हत्या, घरच्यांच्या मनात सोडून. म्हणून पंचाहत्तरीत घराघरांच्या दारात उभं राहून तुम्ही विचारत होतात, तुमच्याकडं कोणाची वाट बघताय? किती वर्षं झाली? आणि परत आलात की तितक्या वेळा कळ दाबायची.

मी तुम्हाला तेव्हा एक तोड सुचवली होती. जागेऐवजी एखादं चिन्ह टाकू, फुली नाहीतर तारा, म्हणजे पुन्हा असं होणार नाही. तुम्ही ऐकेनात. चिन्ह टाकलं की जागा भरली, म्हणालात, मग तिथं येणाऱ्यानं बसायचं कुठं? मी म्हणालो, नाना, मशीनसाठी स्पेसला किंमत नसते. तेव्हा तुम्ही प्रथमच माझ्यावर चिडलात. "आईतलं सातवं तुझ्या मशीननं मोजलं होतं. माणसांनी मोजायचं सोडलंय."

मी उठून गाडी काढली. तुम्हाला वाटलं, मी दुखावलो. संध्याकाळी फोन करून तुम्हीच समजूत काढलीत.

आणि तरी, नाना, खरं सांगू का? तो वाद माझ्या डोक्यात अजून संपलेला नाही. अजूनही वाटतं, चिन्ह हवं होतं. तारा असता तर त्या आज्ञेनं तो खाल्ला नसता. कधी कधी तर मनात असंही येतं, की चूक थोडी तुमच्या रीतीचीही होती. मग कळतं, मी पुन्हा तेच करतोय. माझ्या वाटणीतलं थोडं तुमच्या ताटात सरकवतोय.

सांगायचा प्रयत्न मी केला होता. एकदाच. ढोकीला मी तुम्हाला गाडीवर घेऊन गेलो होतो. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, रस्ता सरकेना, म्हणून आपण कडेला गाडी लावून लिंबाखाली थांबलो. तुम्ही त्या दिवशी पाच घरं केली होती. एका घरात सासऱ्यानं तुम्हाला उभ्यानंच वाटेला लावलं होतं, गेलेल्या पोराचं नाव या घरात काढायचं नाही म्हणून. तुम्ही पिशवी मांडीवर घेऊन बसला होतात, धाप लागली होती. मी म्हणालो, नाना, त्या पेन ड्राइव्हचं जरा बोलायचं होतं. तुम्ही माझा हात धरलात.

"सोड रे. माणसाच्या हातनं होतं. तू किती दिवस माझ्यासाठी मनाला लावून घेणार?"

मी तुमच्यासाठी मनाला लावून घेतलंय असं तुम्हाला वाटलं. तुम्ही माझं सांत्वन करत होतात. पुढचा ट्रॅक्टर हलला, मी गाडीला किक मारली. त्यानंतर तुमचा श्वास बिघडत गेला, फिरणं बंद झालं, दवाखान्यात भेटायला आलो तेव्हा नळीमुळं तुम्हाला बोलता येत नव्हतं. त्या खोलीत मी एकटा होतो तुमच्याजवळ, दहा-बारा मिनिटं. तुम्ही उत्तर देऊ शकत नव्हतात म्हणून सांगणं सोपं होतं, आणि त्याच कारणानं मी सांगितलं नाही. तुम्ही बोटांनी चादरीवर काहीतरी टिपत होतात. नर्स म्हणाली, असं करतात पेशंट. मला वाटलं, स्पेस दाबताय.

तेराव्यानंतर काकूंनी बोलावलं. म्हणाल्या, त्यांनी कुठवर आणून ठेवलंय ते बघ, पुढं कोणी करणार असेल तर. मी फळा उघडला. हाळी दिली, पण या वेळी नावाला नाही. जिथं जिथं दोन किंवा जास्त मोकळ्या जागा आहेत त्या ओळी दाखव, अशी. तुम्हाला ही मी कधी शिकवली नव्हती. ओळी यायला लागल्या. शाबूत वह्यांची गावं आली, मग ढोकी आली, अर्धी. त्या सासऱ्याच्या घराची ओळ आली, त्यातही जागा होती. कोणी सांगितली तुम्हाला? त्याच्या सुनेनं मागल्या दारानं येऊन सांगितली असेल. आणि येरमाळ्याची एकच ओळ आली. बालाजीच्या नावापुढं जागा. मी मोजली. बारा.

काकू मागं उभ्या होत्या. पेन ड्राइव्ह काढताना मी सवयीनं आधी मशीनला सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, हेसुद्धा ते रोज करायचे, आणि मला हाक मारून बोलवायचे. म्हणायचे, तू बघ गं, नीट काढतोय ना मी? साक्षीला राहा. एकदा माझ्या हातनं गेलंय.

तेव्हा मी सांगितलं. खुर्चीवरून उठून, उभा राहून सांगितलं. शनिवार, भाकरी, ती आज्ञा, प्रत ठेवली नाही ते, आणि गयाबाईंसमोर बोललेलं खोटं. काकू ऐकत होत्या. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, त्यांना माहीतच होतं. मनातून मला तेच ऐकायचं होतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्या खाटेवर बसल्या आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"त्यांना माहीत नव्हतं, सुधाकर. जाईपर्यंत त्यांना वाटत होतं, आपण केलं."

मी त्यांच्या पायाशी वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले. म्हणाल्या, मला कशाला? ज्या बाईपुढं त्यांनी हात जोडले, तिला जाऊन सांग. चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत त्या घरातून चहा न घेता पहिल्यांदा निघालो.

दुसऱ्या दिवशी धाराशिवच्या स्टँडवर बीडकडं जाणारी एसटी लागली होती. चढलो आणि उतरलो. दुसरी लागली, तिच्यात चढलो. येडशीपर्यंत मनात वाक्यं जुळवत होतो. मशीनचं बाईला कसं समजावायचं, कुठून सुरुवात करायची. येरमाळ्याला उतरल्यावर एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

गयाबाईंचं घर रस्त्याच्या हॉटेलांमागं. त्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलं होतं. मला ओळखलं, "गुरुजीचा कॉम्प्युटरवाला न्हवं का तुमी?" म्हणाल्या, पाणी दिलं, आणि मी काही बोलायच्या आधी स्वतःच बोलायला लागल्या. तुम्ही जागा परत टाकायला त्यांच्या घरी गेला होतात, त्या दिवशी त्या तुम्हाला नाही नाही ते बोलल्या होत्या, नाना. तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत. त्यांनी तुम्हाला म्हटलं होतं, तुमच्या हातात पोरगं दिलं अन् तुमी पुसून टाकलं. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलं होतंत, आणि मग विचारलं होतंत, किती वर्षं झाली?

"म्या लई बोलले त्यास्नी," गयाबाई म्हणाल्या. "लई वंगाळ बोलले. आता ते ग्येले. आता म्या कुनाला सांगू?"

शेंगांची टरफलं त्यांच्या ओच्यात होती. समोरून ट्रक जात होते, आणि प्रत्येक ट्रकच्या क्लीनरच्या बाजूला त्या एकदा बघत होत्या, बोलता बोलता, सवयीनं. तुमच्या बारा स्पेसची मोजणी मला तेव्हा कळली.

मी उकिडवा बसलो. हात जोडले. तुम्ही जोडले होते तसे.

"गयाबाई, तुमची जागा गुरुजींनी मोडली नव्हती. मी मोडली. त्यांनी मला सांगितलं होतं ती कशासाठी आहे ते, आणि मी ऐकलं नाही. मला ती कचरा वाटली, मी काढून टाकली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी शेजारी बसून खोटं बोललो. तुम्ही त्यांना जे बोललात, ते सगळं माझं होतं. ते मला द्या. त्यांच्याकडं काही ठेवू नका. आणि मला माफ करा, नाहीतर करू नका, पण त्यांची चूक नव्हती एवढं धरा."

नाना, हे वाक्य मी येरमाळ्याच्या एका दारात म्हटलं, आणि म्हणताना तोंड गयाबाईंकडं होतं. पण ते मी तुमच्याच पुढं म्हणत होतो. मोडलं मी. हात तुम्ही जोडलेत. माफ करा.